सृष्टीची चिलखते

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आठवीच्या वर्गातील एक मुलगा सकाळची प्रार्थना आटोपल्यावर माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात केळीच्या पानाची पुडी होती. "बाई, मेलेली कुर्ली आणली आहे. शेताच्या बांधावर सापडली," असे म्हणून त्याने पुडी उघडली. कुर्ली म्हणजे पुस्तकातला खेकडा. आमच्या जोयडा तालुक्यात खेकडा हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडत नाही. पानावर आठ पाय, दोन नांग्या, दांड्यांवरचे दोन डोळे, सारे जागच्या जागी होते. परंतु मेलेल्या कुर्लीची दुर्गंधी येत नव्हती, आणि उचलून पाहते तो ती वाळक्या पानासारखी हलकी! पाठीवरचे झाकण मागच्या बाजूने डबीसारखे उघडले. आत काहीच नव्हते. पायांच्या नळ्यासुद्धा पोकळ होत्या.

मी कला शाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकविणे हे माझे काम. तेव्हा ती पुडी घेऊन आम्ही दोघेही विज्ञानाच्या सरांकडे गेलो. सर हसले आणि म्हणाले, "ही मेलेली नाही. ही अंगरखा टाकून गेली आहे. स्वतः तिथेच जवळपास बिळात लपून बसली असेल." मग त्यांनी आपल्या कपाटातून दसपट मोठे दाखविणारे एक भिंग काढून माझ्या हाती दिले. ते पुढे पाच महिने माझ्याकडेच राहिले. त्या पाच महिन्यांत जे पाहिले आणि त्यासाठी जे वाचले, ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

प्रथम त्या कुर्लीचेच पाहू. आपले हाड आत आणि मांस बाहेर. कुर्लीचे नेमके उलट. तिचे कवच हाच तिचा सांगाडा. हे कवच कायटिन नावाच्या एका चिवट द्रव्याचे असते आणि त्यात चुना मुरलेला असतो. चिवटपणा कायटिनचा, कठीणपणा चुन्याचा. १८११ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे द्रव्य प्रथम सापडले, आणि तेही प्राण्यात नव्हे, अळंब्यांत! पुढे १८२३ साली ओडिए या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाला ते भुंगेऱ्यांच्या पंखांवरील कठीण ढालींत आढळले. त्याने ग्रीक भाषेतील अंगरख्याच्या शब्दावरून त्याला कायटिन हे नाव दिले. पावसाळ्यात आपण वारुळांवरून जी अळंबी खुडून आणतो, तिच्या सूक्ष्म भिंती आणि कुर्लीची पाठ यांचे सूत एकाच मागावरचे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता यात एक मोठी अडचण आहे, आणि या लेखातील सगळी हकीकत त्या अडचणीभोवतीच फिरणार आहे. कवच जितके कठीण, तितके ते ताणले जाणे अवघड. आतला जीव तर वाढत असतो. पहिलीत शिवलेला सदरा सातवीत अंगात जात नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. सदऱ्याची शिवण उसवता येते. लोखंडी चिलखताची कोण उसवणार? ज्याने ज्याने सृष्टीत चिलखत घातले, त्याला त्याला वाढीचा हा प्रश्न सोडवावा लागला. आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडविला.

कुर्ली तो सोडविते तो मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. जुन्या कवचातील चुन्याचा काही अंश ती आधी रक्तात ओढून घेते. वाया घालवीत नाही. जुन्या कवचाखाली नवे कवच तयार होत असते. पण ते मऊ आणि चुरगळलेले. दिवस भरला म्हणजे पाठीचे झाकण मागच्या बाजूने उकलते आणि कुर्ली त्या फटीतून उलट्या पावलांनी बाहेर निघते. आठही पाय, दोन्ही नांग्या, डोळ्यांवरची झाकणे, कल्ल्यांवरचे अस्तर, फार काय, पोटाच्या आतील अन्न दळणारे दातदेखील जुन्या कवचाबरोबर मागे राहतात. नंतर ती पाणी ओढून घेऊन फुगते, जेणेकरून मऊ कवच मोठ्या मापाचे व्हावे. ते कठीण होईपर्यंत तिला बिळातून बाहेर पडण्याची सोय नाही. बगळा, मुंगूस, कोल्हा, कोणीही तिला सहज गिळू शकेल. त्या दिवसांत तिची नांगीसुद्धा तिच्या उपयोगाची नसते. पूर्वीच्या झटापटीत एखादा पाय तुटला असेल, तर तो नव्या कवचाबरोबर थोडा लहान असा पुन्हा फुटतो, हा त्यातला लाभ.

"आज कुर्ल्या पोकळ लागल्या," असे आमच्या घरी जेवताना कोणी म्हणाले, की आजी त्याचा दोष चंद्राला देत असे. अवसेची कुर्ली भरलेली आणि पुनवेची रिकामी, असा तिचा सिद्धांत. चंद्राचे चंद्र जाणे. परंतु नुकतेच कवच बदललेल्या कुर्लीच्या मोठ्या अंगरख्यात मांस थोडे आणि पाणी फार असते, एवढे मात्र खरे.

कुर्लीला पळून बिळात बसता येते. झाडाला ते शक्य नाही. म्हणून झाडाने निराळी युक्ती केली आहे. ती पाहण्यासाठी मी भिंग घेऊन आमच्या वाटेवरील ऐनापाशी गेले. ऐन म्हणजे आमच्या कोंकणीतील माट्टी, कानडीतील मत्ती. गोव्याचा राज्यवृक्ष तो हाच. त्याची साल काळसर, जाड, आणि चौकोनी भेगांनी अशी फाटलेली असते, की दांडेलीजवळ काळी नदीच्या खडकांवर ऊन खात पडलेल्या मगरीची पाठ आठवावी. लहानपणी मला वाटे, की हे झाड म्हातारे आणि आजारी आहे. ते तसे नाही. आतले लाकूड दरवर्षी जाड होते, बाहेरची साल मेलेली असते, मेलेली वस्तू वाढत नाही. म्हणून ती फाटते. ऐनाने फाटणे पत्करले आहे. एका बाजूला बाहेरची साल फाटत असते, दुसऱ्या बाजूला आतून नवा थर चढत असतो, त्यामुळे भेगेच्या तळाशीही उघडे अंग कधी राहत नाही.

त्याच रानात नाणा आहे. कानडी लोक त्याला नंदी म्हणतात. त्याचे खोड फिकट, गुळगुळीत, दुरून चुना लावल्यासारखे. जवळ जाऊन पाहिल्यास त्याची साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटत असलेली दिसते. ऐन जुनी साल जपून ठेवतो, नाणा ती टाकून देतो. दोन शेजारी, एकच पाऊस, एकच माती, आणि दोन स्वभाव! त्यात लाभ-तोटाही आहे. उन्हाळ्यात पाचोळ्याला आग लागून ती जमिनीलगत सरकत जाते, तेव्हा ऐनाची जाड साल आतल्या जिवाला धग लागू देत नाही. तिच्यातील बुचाच्या थरात हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. गरम भांडे उचलताना आपण जाड फडके घेतो, त्यातले कारण हेच. उलट नाण्याच्या पापुद्र्यांवर वेली-बांडगुळांना पाय रोवणे कठीण जात असावे, असे त्याचे स्वच्छ खोड पाहून मला वाटते. हा माझा तर्क आहे, सरांचा नव्हे.

बूच हा शब्द वर आला, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 'मायक्रोग्राफिया' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने बाटलीच्या बुचाचा पातळ काप आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारख्या असंख्य रिकाम्या कोठड्या दिसल्या. त्यांना त्याने 'सेल' म्हटले. आज आपण ज्यास पेशी म्हणतो, त्या शब्दाचा जन्म असा झाडाच्या सालीत झाला. गंमत अशी, की त्या कोठड्या रिकाम्या होत्या, कारण त्यांतील जीव केव्हाच गेला होता. त्यांच्या भिंतींत मेणचट द्रव्य भरले म्हणजे पाणी आत-बाहेर जाऊ शकत नाही, आणि मग ती पेशी मरते. मरून ती कामाची होते. आपले नख, आपला केस, ऐनाची साल, सापाची कात, सगळ्या मेलेल्या वस्तू. आणि जिवंत वस्तूच्या वेशीवर पहारा त्यांचाच.

मात्र पहारा म्हटला की दरवाजेही आलेच. शेवग्याच्या फांदीवर भिंग धरून पाहा. सालीवर तिळाएवढे, किंचित उंचावलेले, खरखरीत ठिपके दिसतील. हे सालीचे श्वासमार्ग. आतल्या जिवंत थराला हवा लागते, ती येथून मिळते.

बाटलीचे बूच येते ते बहुतांशी पोर्तुगाल आणि स्पेन या देशांतील एका ओक वृक्षापासून. गोव्यात ज्यांची पाळेमुळे आहेत, त्यांच्या घरच्या वृद्धांना पोर्तुगालची बुचाची बाटली परिचयाची असेल. तेथील कसबी लोक साधारण नऊ वर्षांनी एकदा कुऱ्हाडीने त्या झाडाची बाहेरची साल सोलून काढतात. झाड मरत नाही. पुन्हा साल धरते, पुन्हा सोलले जाते, आणि असे शंभराहून अधिक वर्षे चालते. हे मी वाचले तेव्हा माझ्या मनात एक जुने शल्य जागे झाले. ते येथे सांगते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. अंगणात मांडीएवढ्या जाडीचे एक जांभळाचे झाड होते. स्नेहसंमेलन जवळ आले होते. त्या झाडाच्या खोडाभोवती वीतभर रुंदीचा पट्टा कोयत्याने सोलून गुळगुळीत करावा आणि त्यावर रंगाने 'सुस्वागतम्' लिहावे, ही कल्पना माझीच. मुलांनी ती उत्साहाने पार पाडली. पाहुण्यांनी अक्षरांची वाखाणणी केली. पुढच्या पावसाळ्यात झाडाला नवी पालवी आली, आणि मी निर्धास्त झाले. फक्त पट्ट्याच्या वरच्या कडेला ओठासारखा एक फुगवटा आला होता. त्याचा अर्थ मला कळला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाड उभ्याउभ्या वाळले.

कारण आता ठाऊक आहे. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते. लाकूड शाबूत होते, म्हणून पाने हिरवी राहिली. परंतु पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरते ते सालीच्या अगदी आतल्या, जिवंत थरातून. तो थर आम्ही बाहेरच्या मेलेल्या सालीबरोबरच, सगळीकडून, कापून काढला होता. खाली उतरणारे अन्न पट्ट्यापाशी येऊन अडले, तोच तो फुगवटा. मुळे आपल्या साठ्यावर वर्षभर जगली आणि मग उपाशी मेली. ओकाची साल काढणाऱ्या कसब्याला कुऱ्हाड कोठे थांबवावी हे कळते. ती मेलेल्या थरापाशी थांबते. मला ते कळत नव्हते. साल म्हणजे नुसते वेष्टन, असे मी समजत होते. चिलखताच्या अस्तरात झाडाने आपली रसवाहिनी ठेवलेली आहे, हे त्या जांभळाने मला शिकविले, आणि त्याची फार मोठी फी घेतली.

असो. जमिनीखालीही साल असते. जोयड्यात दरवर्षी कंदांचा मेळा भरतो. आमचे कुणबी शेतकरी तेथे कोन, कणगी, सुरण, माडी असे नाना प्रकारचे कंद आणतात. या कंदांची तपकिरी साल हीदेखील बुचाचीच. कंद कापून लावावयाचा असल्यास जाणते लोक कापलेल्या अंगाला राख लावून तो काही दिवस सुकू देतात. तेवढ्या अवधीत जखमेवर नवे बूच धरते आणि कंद कुजत नाही. काटेकणगीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या कंदांभोवती काटेरी मुळांचे कुंपण असते, त्यामुळे रानडुकराचे नाक तेथे सहजासहजी घुसत नाही. सुरण-अळूंनी तर शस्त्रे पोटातच ठेवली आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. आपल्या आया-आज्या अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसोल घालतात, ते नुसते चवीसाठी नव्हे.

अळूचे नाव निघालेच आहे, तर त्याचे पानही पाहू. पावसात अळूच्या पानावर पाण्याचे मोती नाचतात, हे कवींनी पुष्कळ वेळा सांगून झाले आहे. मी एक पान तोडून पाण्याने भरलेल्या बादलीत बुडविले. पाण्याखाली ते चांदीच्या पत्र्यासारखे चकाकू लागले! बाहेर काढले तो कोरडे. ती चांदी म्हणजे पान आणि पाणी यांच्यामध्ये अडकलेला हवेचा पातळ थर. पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. पाण्याच्या थेंबाला फक्त या उंचवट्यांच्या टोकांवर टेकता येते, म्हणून तो पसरत नाही, घरंगळतो, आणि घरंगळताना धूळ आणि बुरशीची बीजे गोळा करून नेतो. आमच्याकडच्या पावसात, जेथे चार महिने कपडे वाळत नाहीत आणि चपलांवर बुरशी येते, तेथे पानाला ही सोय किती मोलाची, हे सांगावयास नको. कमळाच्या पानावरील हीच रचना बार्टलॉट आणि नाइनहुइस या दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली सविस्तर मांडली, आणि पुढे तिच्या धर्तीवर भिंतींचे रंग निघाले. माझ्या भिंगातून उंचवटे दिसले नाहीत, ते काम मोठ्या सूक्ष्मदर्शकाचे. परंतु पानाच्या एका भागावर बोट घासून पाहिले, तर नेमक्या त्याच जागी पाणी चिकटू लागले. मेण पुसले गेले होते. हा प्रयोग घरी कोणालाही करता येईल. पान कोवळे असल्यास पुसलेले मेण ते हळूहळू पुन्हा बाहेर टाकते. हे त्याचे चिलखत दुरुस्त करणे.

गोगलगाईविषयी थोडक्यातच सांगते, कारण तिचा तोडगा सर्वांत सोपा आहे. ती शंख टाकत नाही आणि फाडतही नाही. शंखाच्या तोंडाशी चुन्याची नवी कड जोडीत जाते. शंखाच्या टोकाला तिचे बाळपण असते आणि दाराशी तिचे आजचे वय. कड्यांमधील बारीक रेषा भिंगातून स्वच्छ मोजता येतात.

सापाची कात मात्र मुलांना भीतीमुळे आणि मोठ्यांना श्रद्धेमुळे नीट पाहवत नाही. आमच्या कुळागराच्या गडग्यात मला एक अखंड कात मिळाली. पोफळीच्या विरीवर ती पसरून मी तासभर पाहत बसले. प्रत्येक खवल्याचा ठसा तिच्यावर होता; पाठीवर लहान, पोटाखाली आडवे रुंद. मला सर्वांत नवल वाटले ते डोळ्यांचे. सापाला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि तोही कातेबरोबर निघतो. भिंगाखाली त्या कातेला चष्म्याच्या काचांसारख्या दोन स्वच्छ वाटोळ्या टिकल्या होत्या. कात टाकण्यापूर्वी काही दिवस सापाचा डोळा दुधाळ होतो आणि त्याला नीट दिसत नाही. कुर्लीप्रमाणे त्याचेही ते दिवस जपण्याचे. मग तो दगडावर नाक घासतो, ओठांपाशी कात सुटते, आणि पायमोजा उलटा ओढून काढावा तशी ती मागे निघत जाते. म्हणून सापडलेली कात बहुधा आतली बाजू बाहेर अशी असते. सापाचा रंग तिच्यावर फारसा नसतो, कारण रंग खालच्या जिवंत कातडीत राहतो. कात ताणली जात असल्याने ती सापाहून लांबही भरते. तेव्हा कात मोजून "आमच्या कुळागरात बारा फुटी नाग आहे" असे गावभर सांगणाऱ्यांनी थोडी सूट द्यावी. कात टाकून साप तरुण होतो, ही समजूतही खरी नाही. कोवळे साप अधिक वेळा कात टाकतात, कारण ते लवकर वाढतात, इतकेच.

साळिंदराचे काटे म्हणजे जाड झालेले केस. ते बाण मारल्यासारखे फेकता येत नाहीत. साळिंदर पाठमोरे होऊन शत्रूवर धावते, काटे त्याच्या अंगात रुततात आणि मुळापासून सुटून येतात. गेले त्या जागी नवे उगवतात. मोठमोठे वाघ-बिबळे या काट्यांनी जायबंदी झालेले आहेत. आपल्या गृह्यसूत्रांत गर्भिणीच्या सीमंतोन्नयनाच्या वेळी तीन जागी पांढऱ्या असलेल्या साळिंदराच्या काट्याने तिचा भांग पाडण्यास सांगितले आहे. एवढ्या तीक्ष्ण शस्त्राला इतके हळुवार काम कोणी आणि का दिले असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

आता राहिले ते प्राणी, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास बसले. मराठीत त्याला खवले मांजर म्हणतात. कानडीत चिप्पु हंदि, म्हणजे खवल्यांचे डुक्कर. ते मांजर नव्हे आणि डुक्करही नव्हे. दोन्ही भाषांची थोडी फजितीच झाली आहे. त्याला दात नाहीत. लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते. ते रात्री हिंडते, दिवसा बिळात झोपते, आणि पिल्लू बहुधा एकच होते. आई त्याला शेपटीच्या बुडाशी बसवून नेते. आमच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात ते आहे. परंतु त्या रानाच्या काठाने आयुष्य काढलेल्या माणसांनाही ते क्वचितच दिसते.

त्याच्या अंगावरील खवले आपल्या घरांवरील कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. धोका दिसला, की ते तोंड पोटात घेऊन, शेपटी वरून लपेटून गोल होते. खवले नाहीत ते पोट आत जाते आणि बाहेर चहूकडून धारदार कडा राहतात. बिबळ्या त्या गोळ्याला पंजाने लोटतो, चावून पाहतो, आणि पुष्कळदा कंटाळून निघून जातो. वाढीचा प्रश्न त्याने कसा सोडविला? तो खवले टाकीत नाही आणि फाडीतही नाही. प्रत्येक खवला बुडाकडून वाढतो आणि वारुळे उकरताना टोकाकडून झिजतो. दोहोंचा मेळ आयुष्यभर बसतो.

हा खवला भिंगाखाली पाहावा, अशी मला फार इच्छा होती. ते शक्य नाही आणि योग्यही नाही, कारण तो जवळ बाळगणे कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, खवले मांजर आहे. पण त्याची आवश्यकताही नाही. तुम्ही आपले नख पाहा. खवला ज्या द्रव्याचा असतो, त्याच केराटिन नामक द्रव्याचे आपले नख असते. तेही बुडाकडून वाढते, महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर, आणि टोकाकडे झिजते. भिंगातून त्यावरील उभ्या बारीक रेषा दिसतील. नखात जितके औषध, तितकेच खवल्यात.

असे असूनही त्या खवल्यांना औषध समजून जगभर या प्राण्याचा संहार झाला. पूर्वी त्यांची चिलखतेही करीत. सोनेरी नक्षी काढलेले तसे एक हिंदुस्थानी चिलखत इंग्लंडमधील लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. परंतु चिलखतांसाठी मेलेल्या प्राण्यांची संख्या औषधाच्या समजुतीपुढे काहीच नव्हे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. तरीही २०१९ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्याच्या आत दोन वेळा मिळून पंचवीस टनांहून अधिक खवले पकडले गेले. ते आफ्रिकेतून आले होते. २०२० साली चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातून खवले मांजराच्या खवल्यांचे नाव काढून टाकले.

आणि यात एक गोष्ट अशी आहे, की जिच्यामुळे मला रात्री झोप लागेना. बिबळ्यापुढे जे कौशल्य त्या प्राण्याला तारते, तेच माणसापुढे त्याला मारते. ते पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही. गोल होऊन स्वस्थ पडून राहते. बिबळ्याला तो गोळा उलगडता येत नाही. माणसाला उलगडण्याची गरजच नसते. तो गोळा उचलतो आणि पोत्यात घालतो. लाखो वर्षांत घडलेल्या त्या चिलखताने दात आणि नखे यांचा विचार केलेला होता. पोत्याचा विचार त्यात नव्हता.

तालुक्यातील कोणा मुलाला रानाच्या वाटेवर असा गोळा दिसला, तर त्याने त्याला हात न लावता दूर उभे राहावे. काही वेळाने तो आपोआप उलगडतो, नाक वर करून वास घेतो, आणि चालू लागतो. जखमी असल्यास किंवा विहिरी-गटारात पडलेला असल्यास वनखात्याच्या जवळच्या चौकीवर कळवावे.

ती पोकळ कुर्ली विज्ञानाच्या सरांनी कापसात ठेवून प्रयोगशाळेत मांडली आहे. सापाची कात मी तिच्याशेजारी ठेवली आहे. तिच्यावरील डोळ्यांच्या टिकल्या कोणी बोटाने दाबू नयेत. भिंग परत केले असून ते डावीकडील कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात असते. सरांकडे वहीत नाव लिहून ते कोणासही घरी नेता येते.